बुटीबोरीच्या भिंती पातळ कशा झाल्या, आणि त्याचं बिल कोण भरतं

मे महिन्यात आपल्याकडे दोनच विषय असतात. पारा किती गेला, आणि बिल किती आलं. या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट उभी असते, तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. आपल्या घराची भिंत. आज तिच्यावरच लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. जुने लोक सांगतात की बुटीबोरी म्हणजे बुटींची बोरी. नागपूरचं बुटी घराणं मोठं, सावकार आणि मालगुजार. याच घराण्यातल्या गोपाळराव बुटींनी शिर्डीत दगडी वाडा बांधायला घेतला होता. मुरलीधराची मूर्ती बसवायची असा बेत होता. १९१८ साली साईबाबा गेले आणि त्याच वाड्यात त्यांची समाधी झाली. आज लाखो लोक समाधी मंदिर म्हणून जिथे रांग लावतात, तो मुळात बुटीवाडा. सांगायचा मुद्दा हा की ज्यांच्या नावाचं गाव, त्यांना जाड दगडी भिंत परवडत होती. पण त्या काळात गावातल्या गरिबाची भिंतसुद्धा जाडच होती. हे आज सांगितलं तर नवीन पोरांना खरं वाटत नाही.

आपल्या भागातलं जुनं घर आठवा. मातीची भिंत, हातभर नाही तर दीड हात जाड. वर कवेलू. समोर छपरी, मागे सांदवाडी. छप्पर भिंतीच्या बाहेर इतकं खाली आलेलं की आत जाताना उंच माणसाला वाकावं लागे. ते वाकणं उगाच नव्हतं. दुपारचं ऊन भिंतीला लागूच नये, याची ती सोय होती. दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने भिंती पोतारल्या जात. खिडक्या लहान, कधी नुसता झरोका. उजेड कमी, पण बारा वाजताही आत गेलं की डोळ्यांना आणि अंगाला गार लागायचं.

हे बघायचं असेल तर गाडीने तासाभरावर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले (गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं). तिथली बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची आहे. पडवी आणि उतरतं छप्पर मिळून भिंतीवर सावली धरतात. लोक तिथे साधेपणा बघायला जातात. मी म्हणतो, एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता जा आणि बांधकाम म्हणून बघा. वर्ध्यातच १९७६ पासून सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही देवेंद्रकुमारजींची संस्था माती आणि कुंभाराच्या कवेलूंवर काम करत आली. म्हणजे हे शहाणपण विसरलं गेलं असं नाही. ते आपल्या शेजारीच पडून होतं.

साहेबाचं बघा. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले उंच छताचे, रुंद व्हरांड्याचे, जाड भिंतींचे. दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारायला माणूस. थर्मॅन्टिडोट नावाचं एक धूडही इंग्रजांच्या काळात निघालं होतं. लाकडी खोक्यात पंखा, बाजूला ओला वाळा, आणि पंखा हाताने फिरवायला पुन्हा माणूसच. आपला कूलर त्याचाच नातू. फरक एवढाच की हात फिरवणाऱ्या माणसाच्या जागी मोटर आली.

आता जुन्या घराचं गुणगान इथेच थांबवतो. कारण मातीचं घर का गेलं हे ज्यांनी ते सांभाळलं त्यांना विचारा. दरवर्षी लिपणं, सारवणं, पोतारणं. हे सगळं घरातल्या बायकांच्या अंगावर. वाळवी. उंदीर. विंचू. श्रावणात ओल चढायची, आणि झडीचा पाऊस चार दिवस लागला की कुणाची तरी भिंत बसायची. कधी भिंतीखाली माणूस जायचा. पक्कं घर हवं असं वाटण्यात काहीच चूक नव्हती. ज्यांना 'मातीत किती मजा' असं वाटतं, त्यांनी एक पावसाळा तिथे काढावा.

म्हणून विटा आल्या, स्लॅब आला. पहिल्या पिढीतली पक्की घरं वाईट नव्हती. नऊ इंची भिंत, कारण बहुतेकदा स्लॅबचं वजन भिंतच पेलायची. ती पातळ करून चालतच नव्हतं. पुढे कॉलम-बीम आले. वजन कॉलमवर गेलं आणि भिंत नुसता पडदा झाली. पडदाच आहे तर नऊ इंच कशाला? मिस्त्रीचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, "चार इंची घ्या भाऊ, खोली मोठी दिसते." खोली खरंच मोठी दिसते. वीट कमी लागते, सिमेंट कमी लागतं, काम लवकर उरकतं. या प्रत्येक पायरीवर माणसाने केलेला हिशोब बरोबरच होता. फक्त त्या हिशोबात मे महिना धरलेला नव्हता.

मग एमआयडीसी. महामंडळ १९६२ चं, पण बुटीबोरीत कारखान्यांची खरी गर्दी नव्वदच्या दशकातली. कापड, पॉलिस्टर, स्टील, पुढे टायर. कारखान्यासोबत माणसं आली. विदर्भातल्या गावागावांतून आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून आली. त्यांना राहायला जागा पाहिजे होती, आणि ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी ओळीने खोल्या काढल्या. चार इंची भिंत, वर टिना, एक दार, एक खिडकी, तीही कधी कधी गल्लीत नाही तर शेजारच्या खोलीच्या भिंतीसमोर उघडणारी. खोली बांधली मालकाने आणि तापते भाडेकरूवर. मालकाने भिंतीवर जास्तीचा खर्च केला तर फायदा भाडेकरूच्या मीटरला. भाडेकरूने केला तर अकरा महिन्यांनी खोली सोडताना ती भिंत मालकाची. म्हणून दोघंही करत नाहीत.

आणि इथे बुटीबोरीचं दुखणं शहरापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे पाळ्या चालतात. नाइट करून सकाळी आठला आलेला माणूस झोपतो केव्हा? दहा ते चार. म्हणजे नेमकं जेव्हा टिन तापलेला असतो तेव्हा. हवामान खात्याचा नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग यंत्रच बिघडलं होतं असं निघालं. आपल्याला खऱ्या आकड्यांचंच पुरेसं आहे.) हे ४७.९ सावलीतल्या हवेचं तापमान. टिनाखालच्या खोलीत ते मोजायला कोणी येत नाही. झोप न झालेला माणूस रात्री पुन्हा मशीनवर उभा राहतो. भिंतीचा विषय मला फक्त बिलाचा वाटत नाही, तो यामुळे.

मधे विटेचीही गोष्ट बदलली. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. पुढे ही हद्द वाढत गेली. कोराडी, खापरखेडा आपल्या डोक्यावरच. त्यामुळे लाल विटेच्या जागी हळूहळू राखेची करडी वीट आली. सुपीक माती वाचली, राखेचे ढिगारे थोडे कमी झाले, हे चांगलंच. पण उष्णतेच्या बाबतीत राखेची वीट लाल विटेपेक्षा फार वेगळी नाही. चार इंची लावली की दोन्ही सारख्याच तापतात.

यातला योगायोग बघा. कोळसा जाळून वीज होते, त्याची राख उरते, राखेची वीट होते, विटेची पातळ भिंत होते, ती भिंत तापते म्हणून एसी लागतो, आणि एसीसाठी पुन्हा कोळसा. आपल्या एमआयडीसीतही ६०० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. त्याची वीज मुंबईच्या ग्राहकांसाठी होती. २०१९ पासून ते बरीच वर्षं बंद पडलं, २०२५ मध्ये अदानी पॉवरने ते घेतलं. धुराडं इथे आणि वीज तिकडे, यावर वेगळी पोस्ट होईल. आज भिंतीवरच राहतो.

आता फ्लॅटकडे येऊ, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत वर्धा रोडने शहर आपल्यापर्यंत आलंय. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली. ग्राहकासाठी फार मोठी गोष्ट होती ती. त्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंती मोजल्या जातात, बाहेरच्या भिंतींची जागा मोजली जात नाही. दुसरीकडे एफएसआयमध्ये बाहेरची भिंत धरली जाते. म्हणजे काय झालं? बाहेरच्या भिंतीची जाडी बिल्डरच्या परवानगीतून वजा होते, पण ती त्याला विकता येत नाही. ज्या फ्लॅटला १६ मीटर बाहेरची भिंत आहे, तिथे नऊ इंचीऐवजी चार इंची केली की साधारण २२ चौरस फूट जागा सुटते. ती विकता येते. एका फ्लॅटमागे २२ फूट, पन्नास फ्लॅटमागे किती, हिशोब करा. बिल्डरला शिव्या घालून उपयोग नाही, कायद्याने जो रस्ता सोपा केला त्यावरून तो गेला. पण तो वाचवतो एकदाच, आणि तुम्ही भरता दर महिन्याला.

किती भरता? एक ढोबळ हिशोब मांडतो, ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या.

खोलीची पश्चिमेची भिंत १२ फूट बाय १० फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. दुपारी चारच्या उन्हात बाहेरचा गिलावा ५८ अंशांपर्यंत तापलाय आणि आत तुम्ही एसीने २७ ठेवलेत असं धरा. विटेतून उष्णता किती जाते याचे आकडे भारतीय मानक ब्यूरोच्या १९८७ च्या 'एसपी ४१' या हस्तपुस्तिकेत आहेत. ते वापरले तर चार इंची भिंतीतून आत येणारी उष्णता हजार-अकराशे वॅटपर्यंत जाते. नऊ इंची असेल तर साडेसातशेच्या आसपास. दोन फुटी मातीची भिंत असती तर पावणेचारशेच्या आत, तीही भिंतीला ऊन लागलं तर. आणि चार इंची भिंतीवर बाहेरून दोन इंच थर्माकोल किंवा तत्सम थर लावून गिलावा केला तर दोनशेच्या आत. हजार वॅट म्हणजे काय? कपड्यांची इस्त्री. चार इंची पश्चिम भिंत म्हणजे खोलीत दुपारभर एक इस्त्री चालू ठेवायची आणि ती थंड करायला एसी लावायचा.

वर भिंतीचा आणखी एक स्वभाव आहे. ती उष्णता लगेच आत सोडत नाही, आधी स्वतः पिते. नऊ इंची भिंत दुपारी प्यालेली उष्णता सहा-सात तासांनी आत ओकते. म्हणून रात्री दहा-अकराला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आतली भिंत हाताला तव्यासारखी लागते. पलंग त्या भिंतीला लागून असेल तर बघायलाच नको.

जुन्या नागपूरकराचं याला उत्तर होतं कूलर. पत्र्याचा, गवताच्या पॅडचा, खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला. कूलरबद्दल मला आदर आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो दोनशे वॅटच्या आत पूर्ण खोली गार करतो. दिवसाला बारा तास चालवला तरी महिन्याला साठ-सत्तर युनिट. दीड टनाचा एसी मे महिन्यात रोज आठ तास चालला तर तीनशेच्या आसपास. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांचे आहेत. १०० च्या पुढच्या युनिटचा दर अलीकडच्या वर्षांत पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या घरात राहिलाय. म्हणजे कूलरवाला बहुतेक पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात राहतो आणि एसीवाला सरळ वर जातो.

पण कूलरला एक अट असते. हवा एका बाजूने आली की दुसऱ्या बाजूने निघायला हवी. जुन्या घरात समोरासमोर दारं होती. आताच्या फ्लॅटमध्ये एकाच बाजूला खिडक्या, त्याही सरकत्या, म्हणजे अर्ध्याच उघडणाऱ्या. काही सोसायट्यांत कूलर बाहेर लावायलाच बंदी, पाणी गळतं म्हणून, डास होतात म्हणून. आणि मृगाचा पाऊस पडला की दमट हवेत कूलर चालत नाही, उलट अंग चिकट होतं. थोडक्यात, घराची रचनाच माणसाला एसीकडे ढकलते. हौस म्हणून घेणारे असतील, पण मी बघतो त्यातले बरेच जण नाइलाजाने, हप्त्यावर घेतात.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००७ ची व्यापारी इमारतींसाठीची संहिता, आणि डिसेंबर २०१८ मध्ये खास घरांसाठी 'इको निवास संहिता'. ही संहिता मी वाचली आहे आणि ती चांगली आहे. तिच्यात सगळा भर भिंती, खिडक्या आणि छतावर, म्हणजे इमारतीच्या अंगावरच्या कपड्यावर. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी एका चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नको, असं तिचं माप. नागपूरसारख्या हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या किमान किती हव्यात हेही तिने सांगितलंय, घराच्या कार्पेट एरियाच्या साडेबारा टक्के.

आता तिची मेख ऐका. ती नवीन इमारतींसाठी आहे. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे. आणि राज्याने लागू केली तरच लागू. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ५,४०० चौरस फूट. आपल्याकडे ले-आउटमधला प्लॉट हजार, बाराशे, दीड हजार फुटांचा. म्हणजे बुटीबोरीतली, टाकळघाटातली, वर्धा रोडवरच्या ले-आउटमधली बहुतेक घरं या कायद्याच्या नजरेतच येत नाहीत. जी आधीच बांधून झाली ती तर नाहीच. घरकुलाचं बघा. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. त्या पैशात भिंत जाड कर म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न उलट्या बाजूने आला. १९७३ च्या तेलसंकटात जर्मनीत घरं गरम ठेवणं महागलं. १९७७ मध्ये त्यांनी उष्णतारोधनाचा नियम केला. पुढे नव्वदच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या काँक्रीटच्या सरकारी चाळींना बाहेरून जाड थर लावून घेतले. लोक घरातच राहत होते आणि भिंत बाहेरून जाड होत होती. त्यांना उष्णता आत ठेवायची होती, आपल्याला बाहेर ठेवायचीय. भिंतीला दिशेने फरक पडत नाही.

मात्र एक इशारा तिकडूनच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१६ मध्ये असंच नवं आवरण चढवलं होतं. १४ जून २०१७ च्या रात्री एका फ्लॅटमधली आग त्या आवरणातून इमारतभर चढली, ७२ माणसं गेली. त्या पत्र्यांच्या मधे पॉलिथिलीन होतं, जळणारं. आपल्याकडे दुकानांना, दवाखान्यांना चकचकीत एसीपी पत्रा चढवायची फॅशन आहे. त्याने घर गार होतं असा समज करून घेऊ नका, आणि बहुमजली इमारतीला काहीही लावायच्या आधी ते जळतं का हे लेखी विचारा. दगडी लोकर जळत नाही. साधा थर्माकोल जळतो. तो वापरायचाच तर आगरोधक प्रतीचा, आणि वरून जाळी व गिलावा करून पूर्ण झाकलेला.

मग आपल्या बांधून झालेल्या घरांचं काय करायचं? आधी सूर्य समजून घ्या. नागपूरला शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या आसपास येतो, म्हणजे नवतपा सुरू होतो तेव्हा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मार खातात छत, पूर्वेची भिंत आणि पश्चिमेची भिंत. त्यातही पश्चिम वाईट, कारण ती तापायला लागते तेव्हा हवा आधीच पेटलेली असते. म्हणून पैसे थोडे असतील तर चारही बाजूंना वाटू नका. वरचा मजला असेल तर आधी स्लॅब किंवा टिन. मग पश्चिम. मग पूर्व.

पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा काढून फारसा फायदा नाही, संध्याकाळचं ऊन आडवं येतं, सज्ज्याखालून आत शिरतं. तिथे उभी आड पाहिजे. बांबूची ताटी, हिरवी नेट, जाळी, वेल, काहीही. फक्त भिंतीला चिकटवू नका, फूटभर अंतर सोडा, म्हणजे तापलेली हवा त्या फटीतून वर निघून जाते. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि भाडेकरू खोली सोडताना काढून नेऊ शकतो. टिनाच्या खोल्यांना तर टिनावर आणि पश्चिमेला नेट हवीच हवी.

दुसरा उपाय चुना. पांढरा रंग ऊन परत फेकतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपण रंग दिवाळीला लावतो आणि मेपर्यंत एमआयडीसीची धूळ बसून तो मळकट होतो. होळीच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला आणि स्लॅबला एक हात मारला तर उन्हाळा पांढऱ्यावर निघतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये छतांसाठी धोरणच आणलं.

ज्यांना एकदाच खर्च करायचाय, त्यांनी भिंत आतून जाड करू नये, बाहेरून करावी. आतून थर लावला तर विटांची थंडाई वाया जाते. बाहेरून लावला तर ऊन थरावर अडतं, विटा सावलीत राहतात आणि रात्री खिडक्या उघडल्या की पुन्हा गार होतात. तळमजल्याच्या घराला पश्चिमेकडून चार इंची हलक्या एएसी ब्लॉकची दुसरी भिंत घेता येते. त्याने नऊ इंची भिंतीतून येणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते. मात्र तिच्याखाली पाया हवा, नुसती फरसबंदीवर उभी केली तर तडे जाणार. मिस्त्री "चालते ना भाऊ" म्हणेल. चालत नाही.

आता मागणी. ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली, बांधकामाचे नकाशे आता मंजुरीला जातात. त्या अर्जात तीन रकाने वाढवायला कोणता मोठा कायदा लागतो? पश्चिमेची भिंत किती इंची, छतावर काय, उघडणाऱ्या खिडक्या किती. नुसतं लिहून मागितलं तरी घर बांधणारा माणूस एकदा विचार करेल. भाड्याच्या ओळीच्या खोल्यांसाठी, निदान टिनाखाली छताला काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला एक झरोका, एवढी अट घरपट्टीच्या सवलतीशी जोडता येईल. कारखान्यांच्या सीएसआरचे पैसे दरवर्षी कुठे कुठे जातात. नाइटवाले कामगार जिथे झोपतात त्या खोल्यांना नेट आणि चुना, याहून जवळचं काम त्यांना कोणतं मिळणार? येत्या सभेआधी निवेदन देणार आहे, ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवा.

आणि निवेदनासोबत आकडे जोडायचे आहेत. आज रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. मग तीन गोष्टी लिहा. भिंत किती इंची, वर स्लॅब की टिना, आणि मे महिन्याचे युनिट किती. रुपये नको, युनिट लिहा.